निराधारांच्या वाटेत एकवीस हजारांची भिंत

खास प्रतिनिधी

मौदा (जि. नागपूर) : नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा वसले आहे. २,३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आणि बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक सेवक मंडळाचा आश्रम यांमुळे हे नाव विदर्भाबाहेरही परिचित झाले. मात्र कोदामेंढी, अरोली, तारसा, चाचेर, धानला या गावांतील म्हाताऱ्या माणसांसाठी मौदा म्हणजे तहसील कार्यालय, बँक आणि आधार केंद्र. पदराच्या गाठीत बसभाड्याचे पैसे आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे घेऊन ही माणसे तालुक्याला येतात. त्यांना विचारायचे असते ते इतकेच, की 'निराधारचे पैसे' आले का, आणि आले नसतील तर का नाही.

या प्रश्नाचे खरे उत्तर तालुक्याच्या खिडकीवर मिळत नाही. ते येथून पस्तीसेक किलोमीटरवर, नागपूरच्या विधान भवनात आहे. १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी उपराजधानीत भरते. त्या काळात मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, आश्वासने मिळतात. वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांच्या मासिक अनुदानाचा प्रश्न तेथे नवा नाही. तथापि, तो प्रत्येक वेळी रकमेच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. सहाशेचे हजार करा, हजाराचे दीड हजार करा, एवढीच मागणी होते आणि कालांतराने मान्यही होते. अनुदान कोणाला मिळावे, ते कोणत्या कारणाने थांबावे आणि थांबले तर दाद कोठे मागावी, हे तीन प्रश्न मात्र सभागृहात फारसे चर्चिले जात नाहीत. या अनुदानाच्या दुखण्याचे मूळ नेमके तेथेच आहे.

योजनेचा प्रवास

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. कमावता आधार नसलेल्या माणसाला सरकारने दरमहा काही रक्कम द्यावी, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. त्याआधी दुष्काळाच्या झळांतून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली होती. ज्याच्या अंगात बळ आहे त्याला काम आणि ज्याच्या अंगात बळ नाही त्याला अनुदान, अशी ही जोडी होती. पुढे ६५ वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले. त्याला २००७ मध्ये इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. विधवा आणि दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय योजना २००९ मध्ये त्यात मिळाल्या.

आजची घडी बसली ती ३० सप्टेंबर २००८ च्या शासन निर्णयाने. साधारणपणे ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ, तसेच क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांनी ग्रासलेल्यांसाठी संजय गांधी योजना, तर ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना, अशी विभागणी झाली. वृद्धाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर रकमेतील एक वाटा केंद्राचा आणि उरलेला राज्याचा असतो. नाव नसेल, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असेल, तर सर्व रक्कम राज्य देते.

अनुदानाची रक्कम २०१९ पर्यंत ६०० रुपये होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती एक हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ती अडीच हजार करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण रक्कम वाढत गेली तरी २१ हजारांची मर्यादा जागची हलली नाही. २०१९ मध्ये तिला हात लागला नाही आणि २०२३ मध्येही लागला नाही. केवळ दिव्यांगांच्या बाबतीत ती ५० हजारांपर्यंत शिथिल झाली. वृद्ध आणि विधवा २००८ च्या आकड्याशीच बांधलेले राहिले.

हिशेब बसतच नाही

वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आणि दिवसाला साधारण साडेसत्तावन्न. लक्षात घ्यायचे ते असे, की ही मर्यादा एका माणसाची नाही, संपूर्ण कुटुंबाची आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी पंधरा रुपयेही येत नाहीत.

मौदा परिसर पेंच कालव्याच्या पाण्यावरचा, धान आणि मिरचीचा. रोवणी, कापणी, मिरचीचे देठ खुडणे ही येथील मजुरांची कामे. समजा, एका घरात सत्तरीची विधवा, तिचा मजूर मुलगा, सून आणि नातू आहेत. २०२५-२६ या वर्षात रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने मुलाने ६८ दिवस काम केले, की कुटुंबाचे उत्पन्न २१ हजारांच्या पुढे जाते. त्या वर्षी रोजगार हमीच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. १०० दिवसांची मजुरी ३१,२०० रुपये होते. म्हणजे सरकारने स्वतः हमी दिलेले काम कुटुंबाने पूर्ण केले, तर त्याच सरकारच्या दुसऱ्या योजनेतून आजी बाद होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

एवढ्या उत्पन्नात कोणतेही कुटुंब जगू शकत नाही, हे दाखला मागणाऱ्याला ठाऊक असते आणि दाखला देणाऱ्यालाही. तरीही दाखला लागतोच. मग एक तर कागदावर खोटा आकडा लिहिला जातो किंवा खरा आकडा लिहून गरजू माणूस घरी परततो. पहिल्या मार्गाने गेलेला लाभार्थी पुढे 'बोगस' ठरण्याच्या भीतीत राहतो. दुसऱ्या मार्गाने गेलेला यादीत येतच नाही. ज्या नियमाने प्रामाणिक माणसाचे नुकसान होते आणि इतरांना खोटे बोलावे लागते, तो नियम गरिबांची निवड करीत नाही, त्यांची कोंडी करतो.

एकाच सरकारचे अनेक गरीब

गरीब कोणाला म्हणावे, याविषयी राज्य सरकारच्या योजनांतच एकवाक्यता नाही. अन्न सुरक्षा योजनेतील प्राधान्य कुटुंबासाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. वृद्धांना साहित्य खरेदीसाठी एकदाच तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली; तिची उत्पन्न मर्यादा दोन लाख. त्याच वर्षी जुलैपासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी ती आठ लाख आहे. प्रत्येक योजनेचा हेतू वेगळा, हे मान्य केले तरी सर्वांत खडतर चाळणी सर्वांत दुबळ्या माणसासाठीच का, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

या विसंगतीची सर्वाधिक झळ बसते ती ६५ वर्षांच्या उंबरठ्यावरील स्त्रीला. लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षे वयोगटातील महिलांना दरमहा दीड हजार रुपये मिळतात. वय ६५ च्या पुढे गेले, की हा लाभ थांबतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्या पाच लाख महिलांची वर्गवारी जाहीर केली, तेव्हा त्यात वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या १ लाख १० हजार महिला होत्या. संजय गांधी योजनेचा लाभ घेत असलेल्या म्हणून वगळलेल्या महिलांची संख्या २ लाख ३० हजार होती.

एकाच कारणासाठी दोन लाभ नकोत, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. पण ६५ ओलांडलेल्या बाईने जायचे कोठे? नियमाप्रमाणे तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. मात्र काल अडीच लाखांच्या आत असल्यामुळे पात्र ठरलेली बाई आज २१ हजारांच्या आत असेल तरच पात्र ठरते. वाढदिवसाच्या एका तारखेने मर्यादा जवळजवळ बारा पटींनी खाली येते. हातपाय चालत होते तोवर मिळणारा आधार, हातपाय थकल्यावर काढून घेतला जातो. वृद्धापकाळासाठीच्या योजनेचा यापेक्षा उलटा अर्थ कोणता असू शकतो? शहरातील वाचकांनी हा प्रश्न गावाकडचा म्हणून बाजूला सारू नये. घरकामाला येणारी मावशी आणि चौकात भाजी विकणारी आजी याच उंबरठ्यावर उभ्या आहेत.

पैसे अडतात कुठे?

यादीत नाव आले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. डिसेंबर २०२४ पासून या योजनांची रक्कम थेट लाभ हस्तांतर प्रणालीतून, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा करण्यास सुरुवात झाली. पूर्वी तहसील कार्यालयातून बँकेला याद्या जात, निधी उशिरा येई, कधी तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मिळत. मधले टप्पे कमी व्हावेत, हा हेतू योग्यच होता. परंतु प्रणाली बदलताना ज्यांच्या आधारची पडताळणी झाली नाही, ज्यांचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले आहे, किंवा ज्यांचे खाते आधारशी योग्य रीतीने जोडलेले नाही, त्यांची रक्कम अडकली.

यातील तांत्रिक बाब समजून घेण्यासारखी आहे. बँकेने खातेदाराचा आधार क्रमांक आपल्याकडे नोंदवून घेणे निराळे आणि सरकारी पैसे येण्यासाठी तो क्रमांक राष्ट्रीय देयक व्यवस्थेत त्या खात्यापुढे लागणे निराळे. दुसरी नोंद एका वेळी एकाच खात्याची असते आणि जे खाते शेवटी जोडले गेले, तेथे पैसे जातात. एखाद्या वृद्धेने कधीतरी दुसऱ्याच योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल, तर तिचे अनुदान त्या विसरलेल्या खात्यात पडून राहू शकते. ती मात्र जुन्या बँकेत पासबुक भरून घेत राहते आणि 'पैसे आले नाहीत' हे उत्तर ऐकून परत येते.

कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा अनुभवही जुनाच. धानाच्या बांधीत आणि मिरचीच्या ढिगाऱ्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्याच बोटांवरच्या रेषा आधी पुसल्या जातात. आधारच्या घटनात्मक वैधतेवर सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल देताना, ओळख पटविण्याचे यंत्र अपयशी ठरले म्हणून कोणी लाभापासून वंचित राहू नये, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. डोळ्यांची बाहुली किंवा चेहरा यांवरून ओळख पटविण्याची सोय आता उपलब्ध आहे. पण ती गावापर्यंत न्यायची तर यंत्र आणि माणूस दोन्ही लागतात.

यात भर पडते ती हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि तालुका समितीची. पात्रतेचे अर्ज मंजूर करण्यासाठी तालुकास्तरावर अशासकीय अध्यक्ष असलेली समिती असते. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात, नव्या नेमणुका रेंगाळतात आणि अर्जांचा गठ्ठा वाढत जातो. निधी सामाजिक न्याय विभागाचा, कागद महसूल विभागाचे, खाते बँकेचे आणि ओळख आधार प्राधिकरणाची. त्यामुळे पैसे थांबले तर दोष नेमका कोणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या कामांसाठी लागणारे ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क महसूल विभागाने २०२५ मध्ये माफ केले, हे योग्य पाऊल होते. अशाच सुधारणा पुढच्या टप्प्यांवर व्हायला हव्यात. २०२४ च्या निवडणुकीनंतर महसूल खाते ज्यांच्याकडे आले, ते चंद्रशेखर बावनकुळे मौद्याचा समावेश असलेल्या कामठी मतदारसंघातूनच निवडून आले. त्यामुळे येथील अपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

दिल्लीचे दोनशे रुपये

सारा दोष मुंबई-नागपूरच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. राष्ट्रीय योजनेत ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. १९९५ मध्ये तो ७५ रुपये होता, २००६ मध्ये २०० झाला आणि तेथेच थांबला. ८० वर्षांवरील वृद्धांसाठी २०११ पासून ५०० रुपये, तर दिव्यांगांसाठी २०१२ पासून ३०० रुपये मिळतात. तेही ८० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेची अट पूर्ण केल्यावर. लाभार्थ्यांची कमाल संख्या २००१ च्या जनगणनेच्या आधारावर बांधलेली आहे. या शतकाच्या आरंभी जे गरीब नव्हते आणि नंतर झाले, त्यांची गणना या हिशेबात नाही.

संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने या तुटपुंज्या रकमेवर वारंवार बोट ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, वृद्धांचे निवृत्तिवेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावे, असा आदेश दिला होता. डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने, निवृत्तिवेतनाच्या रकमेचा वास्तवाला धरून फेरविचार करण्यास केंद्राला सांगितले. ज्येष्ठ समाजवादी नेते डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने, किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी नसेल असे सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले. दोनशेचा आकडा मात्र तसाच राहिला.

दिव्यांगांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ नुसार, सामाजिक सुरक्षा योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तुलनेत किमान २५ टक्के अधिक असली पाहिजे. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. महाराष्ट्रात मात्र ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिव्यांग आणि इतर लाभार्थी यांना सारखीच रक्कम मिळत होती. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ कायदा पुस्तकात राहिला. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे अन्नत्याग आंदोलन केले, तेव्हा शेतकरी कर्जमाफीसोबत दिव्यांगांना सहा हजार रुपये मानधनाची मागणीही होती. त्यानंतर काही महिन्यांतच अडीच हजारांची वाढ लागू झाली. कायद्याने जे आपोआप मिळायला हवे होते, त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, हा यातील खेदाचा भाग.

शेजारी काय करतात?

महाराष्ट्र हे स्वतःला पुरोगामी आणि संपन्न म्हणवणारे राज्य. शेजारच्या तेलंगणात २०१९ पासून वृद्धांना २,०१६ रुपये मिळू लागले, तर दिव्यांगांची रक्कम २०२३ मध्ये ४,०१६ झाली. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून वृद्धांना चार हजार आणि दिव्यांगांना सहा हजार रुपये दिले, आणि तेही महिन्याच्या आरंभी घरपोच. केरळने नोव्हेंबर २०२५ पासून रक्कम १,६०० वरून दोन हजारांवर नेली. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील सीमावर्ती १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला. तेथील गावकऱ्यांना दोन्ही सरकारांच्या योजना जवळून पाहायला मिळाल्या. त्यांना ही तुलना कोणी आकडेवारी देऊन समजावण्याची गरज नाही.

राजस्थानचे उदाहरण आणखी वेगळे आहे. त्या राज्याच्या विधानसभेने जुलै २०२३ मध्ये किमान उत्पन्न हमीचा कायदा संमत केला. वृद्ध, दिव्यांग, विधवा यांना किमान एक हजार रुपये आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, हे त्यात कायद्याच्याच भाषेत लिहिले गेले. रक्कम मोठी नाही. पण ती वाढवा म्हणून दरवर्षी हात जोडावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे.

आक्षेप आणि उत्तरे

मर्यादा वाढवली तर लाभार्थी वाढतील आणि तिजोरीवर भार पडेल, हा सरकारी पातळीवरील नेहमीचा आक्षेप. तो अगदीच गैरलागू नाही. राज्यावरील कर्जाचा डोंगर वाढतो आहे. एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. निधीची ओढाताण इतकी झाली, की मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळविण्यात आला, आणि सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो वेगळाच. पैसा नाही असे नव्हे, पैसा कोणाला आधी द्यायचा याचा क्रम चुकला आहे. ज्यांना काम करता येत नाही, त्यांचा क्रमांक पहिला असायला हवा.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. मृतांच्या नावावर पैसे उचलले जाणे, वय वाढवून दाखवणे, हे प्रकार घडतात आणि ते रोखलेच पाहिजेत. पण पडताळणीची पद्धत उलटी आहे. संशय आला, की आधी पैसे थांबतात आणि मग सत्तरीच्या माणसाने आपण जिवंत, गरीब आणि खरे आहोत हे सिद्ध करत येरझाऱ्या घालायच्या. चौकशी आधी आणि स्थगिती नंतर, हा साधा न्याय निराधारांना लागू का होऊ नये?

मुलांनी आईवडिलांना सांभाळावे, सरकारने का, असा तिसरा सूर शहरात हमखास ऐकू येतो. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ पासून अस्तित्वात आहे. तथापि, जो मुलगा स्वतःच रोजमजुरीवर आहे, त्याच्यावर दावा लावून म्हातारीला काय मिळणार? आणि खेड्यातील किती आया मुलाला न्यायाधिकरणापुढे उभे करतील? कुटुंबाची जबाबदारी नाकारण्याचा हा मुद्दा नाही. घरात येणारे दीड हजार रुपये अनेकदा त्या म्हातारीची घरातली किंमत टिकवून ठेवतात. औषधाची चिठ्ठी हातात धरून सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, एवढेच त्या रकमेचे काम.

विधिमंडळाने काय करावे?

माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनाला १९७६ च्या कायद्याचा आधार आहे. २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन किमान रक्कम दरमहा ५० हजार रुपये झाली. लोकप्रतिनिधींना वृद्धापकाळाची तरतूद असू नये, असे येथे म्हणायचे नाही. पण त्यांची तरतूद विधिमंडळाच्या कायद्यावर उभी आहे आणि निराधारांची तरतूद विभागाच्या शासन निर्णयावर. शासन निर्णय एका सहीने बदलतो, त्याच्या अंमलबजावणीत खंड पडला तर कोणी उत्तरदायी नसतो. खरा फरक रकमेइतकाच या पायाचा आहे. रोजगार हमीला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. तिची जोडीदार असलेली निराधार योजना मात्र आजही अनुदानच राहिली. राज्यघटनेचे ४१ वे कलम वृद्धापकाळ, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते, हे विसरता येणार नाही.

म्हणून विदर्भातील आणि राज्यातील आमदारांनी पुढील गोष्टींचा पाठपुरावा करणे आवश्यक आहे. पहिली, प्रणाली बदलल्यामुळे किंवा कागदपत्रांअभावी ज्यांचे अनुदान थांबले, त्यांचे अनुदान थकबाकीसह पूर्ववत सुरू व्हावे आणि त्रुटी दुरुस्त करण्याची जबाबदारी लाभार्थ्याऐवजी यंत्रणेवर असावी. त्यासाठी गावोगावी शिबिरे घेऊन आधार, बँक आणि महसूल हे तिन्ही एका मांडवाखाली आणावेत. दुसरी, २१ हजारांची मर्यादा रद्द करून ती निदान लाडकी बहीण योजनेच्या बरोबरीने न्यावी, म्हणजे ६५ वर्षे ओलांडताच कोणाचा आधार तुटणार नाही. तिसरी, रक्कम महागाईशी जोडावी आणि महिन्याच्या सात तारखेचे बंधन पाळावे. चौथी, नोटीस आणि सुनावणीशिवाय कोणाचेही अनुदान थांबवू नये. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, या चारही गोष्टी एका कायद्यात गुंफाव्यात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसाठी मुदत आणि अपिलाची तरतूद केली. अनुदानासाठी ती करणे अशक्य नाही.

यासाठीची साधने सदस्यांच्या हाती आहेत. लक्षवेधी सूचना आहे, अशासकीय विधेयक आहे, आणि नागपूर अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्यांवरील चर्चा आहे. निधी लगेच हवा असेल, तर तो मागण्याचे हेच ठिकाण. राज्याच्या वतीने केंद्राला २०० रुपयांचा वाटा वाढविण्याची शिफारस करणारा ठराव करण्यासही कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हा पक्षाचा प्रश्न नाही. अंतुलेंपासून आजपर्यंत जवळपास प्रत्येक प्रमुख पक्ष कधी ना कधी सत्तेत होता, आणि २१ हजारांची भिंत त्या सर्वांच्या काळात उभी होती.

अधिवेशन भरले, की विधान भवनाच्या दिशेने मोर्चे निघतात. पण या प्रश्नातील माणसांना मोर्चा काढता येत नाही. कोणी अंथरुणाला खिळलेले, कोणाला दिसत नाही, कोणाकडे नागपूरच्या भाड्याचे पैसे नाहीत. त्यांचा मोर्चा फार तर मौद्याच्या बसथांब्यापर्यंत पोहोचतो. आवाज मोठा असेल त्याचेच ऐकायचे, की ज्याला आवाजच नाही त्याच्यासाठी बोलायचे, हे सभागृहाने ठरवायचे आहे. तोवर कोदामेंढी-अरोलीची म्हातारी माणसे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तालुक्याला येत राहतील, आणि पैसे आले का, एवढेच विचारत राहतील.